सासऱ्यांचं सागवान

रविवारी सकाळी बायकोने मोबाईल नाकासमोर धरला आणि म्हणाली, "हे बघा."

तपासनीसांनी बघितलं. पडद्यावर एक हसरी बाई एका मरगळलेल्या कपाटाला घासत होती, पुसत होती, रंगवत होती, आणि चार मिनिटांत ते कपाट नुकतंच इस्त्रीहून आल्यासारखं दिसायला लागलं. एवढं सगळं करून बाईच्या पांढऱ्या सदऱ्यावर रंगाचा एक थेंब नव्हता. तपासनीसांच्या मते त्या बाईची रीतसर चौकशी व्हायला हवी होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"आपलं कपाटही असंच करू या. मी आठवडाभर रजा टाकतो."

बायकोने मोबाईल खाली घेतला. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने कशालाही पहिल्या फटक्यात हो म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. साबणाची वडी बदलायची म्हटली तरी तीन दिवस विचार करणारा गृहस्थ.

"तुमच्या मनात काय आहे?"

"रंग."

"आणि रंगाच्या मागे?"

तपासनीस दचकले. बाई नकळत नेमक्या जागी बोट ठेवत होती.

ते वजनमापे खात्यात तपासनीस होते आणि सगळी बिल्डिंग त्यांना त्याच नावाने ओळखत होती. तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून त्यांचा स्वभावही काट्यासारखाच झाला होता. समोर काहीही ठेवलं की आधी हलायचा, मग स्थिर व्हायचा. एका वस्तूच्या बाबतीत मात्र तो सव्वीस वर्षं नुसताच हलत होता. ती वस्तू म्हणजे बेडरूममधलं कपाट. संसार मांडला तेव्हा सासऱ्यांनी हौसेने दिलेलं. "सागवान आहे, जावईबापू. अस्सल. जपा," असं सासरे तेव्हा म्हणाले होते, आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत म्हणत आले होते.

आता प्रामाणिक मालाचा धनी एकदाच सांगतो. वारंवार सांगायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय कपाटाला गडद तपकिरी ऑइल पेंट होता. सागवानाला कोणी ऑइल पेंट लावतं का? आणि तो पेंट दर पाच वर्षांनी सासरे स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने लावून जात. रंगाऱ्याला हात लावू देत नसत. ज्या डब्याचं लेबल मालक स्वतः पुन्हा पुन्हा बदलतो तो डबा तपासनीसांनी आयुष्यात न उघडता सोडला नव्हता. हा एकच राहिला होता. कारण तो सासऱ्यांचा होता.

आणि आता बायको स्वतःच म्हणत होती, उघडा म्हणून.

रंगाच्या दुकानात त्यांनी रंग काढायचा रिमूव्हर, पॉलिशपेपर, पत्र्याची पट्टी आणि एक लिटर रंग घेतला. फिकट निळा, त्या बाईच्या कपाटासारखा. घरी आल्यावर सवयीप्रमाणे रंगाचा डबा शिक्क्याच्या मापाने मोजला. वीस मिलिलिटर जास्त भरला. कमी भरला असता तर त्यांना शांत झोप लागली असती. जास्त का? दुकानदाराला काय लपवायचं असेल? या विचारात त्यांचा अर्धा तास गेला.

दुपारी दारं निघाली. कपाटाची. बिजागऱ्या सोडवून दोन्ही दारं त्यांनी गॅलरीत आडवी घातली आणि रिमूव्हर ओतला. सव्वीस वर्षांचा रंग करपलेल्या सायीसारखा फुगून वर आला. एक थर निघाला, दुसरा निघाला, सहाव्या थराखाली लाकूड दिसलं. फिकट, पिवळट आणि जागोजागी काळ्या गाठींचं. तपासनीसांच्या हृदयाचे ठोके वाढले. तीस वर्षांपूर्वी पहिलं खोटं वजन पकडलं तेव्हा असे वाढले होते.

"सागवान फिकटही असतं," बायको म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"असेल," तपासनीस म्हणाले.

समोरच्या फ्लॅटमध्ये दातांचे डॉक्टर राहत आणि दवाखानाही तिथेच चालवत. दवाखाना विशेष चालत नसल्यामुळे डॉक्टरांचं लक्ष कायम इतरांच्या घराकडे असे. रिमूव्हरचा वास येताच ते आले. दारापाशी उकिडवे बसून त्यांनी एका गाठीवर नखाने टकटक केलं.

"दुखतं का?" सवयीने विचारून गेले आणि स्वतःच ओशाळले. मग म्हणाले, "वरवर सफाई करून भागायचं नाही, साहेब. मुळापर्यंत जायला हवं. सांगाडा बाहेर काढा."

तपासनीसांना डॉक्टरांचा संशय आला. या माणसाला आमच्या सांगाड्यात एवढा रस का? पण सल्ला त्यांच्या मनातलाच होता, म्हणून त्यांनी तो नाराजीने स्वीकारला.

सोमवारी सकाळी सांगाडा बाहेर काढायचं ठरलं. बायको आतून ढकलणार, तपासनीस बाहेरून ओढणार. कपाट सरकत सरकत बेडरूमच्या दारापर्यंत आलं, चौकटीत अर्धं शिरलं आणि थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. तपासनीसांनी तिरकं करून पाहिलं. त्याने एवढंच झालं की ते तिरकं अडकलं.

"अहो," आतून आवाज आला, "मी आत आहे."

"माहीत आहे."

"मला दहाला शाळेत पोचायचंय. लायब्ररीची किल्ली माझ्याकडे आहे."

तपासनीस मात्र वेगळ्याच विचारात गढले होते. जे कपाट दारातून बाहेर येत नाही ते आत कसं गेलं? फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर सासऱ्यांनी किल्ली मागून घेतली होती. "तुम्ही धावपळ करू नका, मी माणसं लावून कपाट बसवून ठेवतो," असं म्हणाले होते आणि तीन आठवड्यांनी किल्ली परत दिली होती. तीन आठवडे! एक कपाट बसवायला!

"हे आत आलेलंच नाही," ते मोठ्याने म्हणाले. "हे आतच तयार झालंय."

"पण मी आत तयार झालेली नाही, मला बाहेर काढा!"

तेवढ्यात डॉक्टर आले, सोबत एक पेशंट. पेशंटच्या तोंडात नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं आणि ते भिनेपर्यंत त्याला काही काम नव्हतं. त्याने कपाटाकडे बघून हातवारे करत बराच वेळ काहीतरी सांगितलं. एक अक्षर कळलं नाही. सगळ्या आठवड्यात मिळालेल्या सल्ल्यांपैकी बहुधा तोच बरोबर असावा.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "पाठ काढा."

पाठ म्हणजे कपाटाच्या मागच्या फळ्या. त्या बायकोच्या बाजूला होत्या, सव्वीस वर्षांच्या धुळीने माखलेल्या. तपासनीसांनी मधले खण उपसले, चौकटीच्या फटीतून पकड आणि हातोडी आत दिली, बायकोने एकेक खिळा उपटला, आणि सव्वादहाला लायब्ररियनबाई पर्स सांभाळत, वाकून, कपाटातून बाहेर आल्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी एका नजरेत त्या थांबवल्या.

त्यांच्यामागून तपासनीस आत शिरले आणि त्यांनी सुट्या फळ्यांवरची धूळ पुसली.

भिंतीकडच्या बाजूला कधी रंग लागलाच नव्हता. तिथे मोठ्या काळ्या अक्षरांत छापलेलं होतं: काच. जपून उचला. ही बाजू वर. शेजारी एक ठळक बाण होता आणि कपाट उभं असताना तो थेट जमिनीकडे बघत असणार, हे उघड होतं. सासरे नोकरीभर काचसामानाच्या गोदामावर होते. गोदामात रिकामी खोकी असतात. यापुढे पुराव्याची गरज नव्हती.

"सापडलं!" तपासनीस ओरडले. "सव्वीस वर्षं! अस्सल सागवान म्हणे! खोकी आहेत, खोकी! मी पहिल्या दिवसापासून..."

बायको परत फिरली होती. तिने फळी हातात घेतली. छापील अक्षरांखाली पेन्सिलने बारीक लिहिलेलं होतं. तिने चष्मा लावून वाचलं. "दिवस सहावा. खण तिरका बसला. उद्या पुन्हा." दुसऱ्या फळीवर, "दिवस अकरावा. हात सोलला. दार जमलं." आणि तिसऱ्या फळीवर, "दिवस एकोणिसावा. झालं. तिला आवडेल."

तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग फळी भिंतीला टेकवून म्हणाली, "किती आनंद झालाय तुम्हाला."

एवढंच. दार ओढून ती शाळेत गेली. डॉक्टर आणि पेशंट पाऊल न वाजवता आपल्या घरी गेले. तपासनीस खोक्यांच्या मधोमध बसून राहिले. गुन्हा सिद्ध झाला की नेहमी कसं हलकं वाटायचं. आज तसं काही होईना.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. दर सोमवारी यायचा तसाच. बायकोने उचलला. खुशाली झाली आणि मग तपासनीसांना ऐकू आलं, "बाबा, कपाटाचा जुना रंग काढला आम्ही. नाही नाही, खराब कसलं! सागवान काय सुंदर निघालंय आत! यांना तर रंग लावायचा धीरच होईना. तसंच पॉलिश करणार आहोत."

पलीकडे ठसका लागला. मग सासऱ्यांचा आवाज आला, "मी शुक्रवारी येतो. बघतो."

बायकोने फोन ठेवला. "आता काय?" तपासनीस म्हणाले.

"आता सागवान करा त्याचं."

"कशाचं?"

"खोक्यांचं. शुक्रवारपर्यंत."

"अगं, मी वजनमापे खात्यात आहे! डब्यावर एक आणि आत भलतंच असलं की मी खटले भरतो!"

"मग माझ्या वडिलांवर भरा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून तपासनीस भेसळीला लागले. आणि भेसळीत त्यांना गुरू भेटले ते दातांचे डॉक्टर. "खोटं खऱ्यासारखं करणं हाच तर माझा धंदा," असं म्हणत डॉक्टरांनी दातांच्या रंगछटांची पट्टी आणली आणि एकेक खोटा दात दाराला लावून पाहिला. "ही बघा. दिवसाला दहा कप चहा आणि वर सिगारेट ओढणाऱ्या माणसाची छटा. याच्यापुढे दोन घरं गेलो की सागवान." त्यासाठी कोऱ्या चहाचं आणि कॉफीचं भांडंभर काळं पाणी उकळलं गेलं. तीन हात दिल्यावर दारं खरोखर सागवानाच्या वळणावर गेली, पण सगळ्या घराला कॅन्टीनचा वास यायला लागला.

सागवानाच्या रेषा ओढायला उजेड हवा, म्हणून सांगाडा दोन तुकड्यांत सोडवून जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत मांडायचा होता. त्याला सोसायटीची परवानगी लागत असे. सेक्रेटरीबाई निवृत्त पोस्टमास्तर होत्या. नोकरी सुटली तरी शिक्का सुटला नव्हता. त्यांनी फॉर्म पुढे केला. वस्तू, माप, साहित्य.

तपासनीसांनी लिहिलं: कपाट. साडेसहा फूट बाय चार. लाकडी.

"लाकडी चालणार नाही. कोणतं लाकूड? सामायिक जागेत काय पडलंय हे समितीला कळायला नको?"

बायको शेजारी उभी होती. छताकडे बघत होती. तपासनीसांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. तीस वर्षांत त्यांनी एका खोट्या ओळीवर सही केलेली नव्हती. त्यांनी लिहिलं, "सागवानी", आणि मन खाऊ लागलं म्हणून कंसात, "दिसायला".

"कंस चालत नाहीत," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "खोडा."

त्यांनी कंस खोडला. कपाळावर घाम आला. सेक्रेटरीबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तेहतीस वर्षं पार्सलं घेतली मी. आत काय आहे हे विचारावं लागायचं नाही. पाठवणाऱ्याच्या कपाळावर लिहिलेलं असायचं." तपासनीसांनी घाईने रुमालाने कपाळ पुसलं. पण बाईंनी शिक्का दणकन मारला. "तीन दिवस. चौथ्या दिवशी दंड."

ते तीन दिवस तपासनीसांनी जन्मात विसरू नयेत असे गेले. दवाखान्यात येणारा प्रत्येक पेशंट कपाटापाशी थांबायचा आणि सुजलेल्या गालाने काहीतरी सुचवायचा. तपासनीसांना सगळ्यांचाच संशय येई. हा खरंच दाताला आलाय, की खात्याने पाठवलाय? एक गृहस्थ लाकूड हुंगून म्हणाले, "कॉफी?" त्या गृहस्थांचं नाव-गाव विचारून घेतल्याशिवाय तपासनीसांनी त्यांना जाऊ दिलं नाही. मंगळवारी काढलेल्या रेषा बुधवारी लाटांसारख्या दिसायला लागल्या आणि पुसाव्या लागल्या. पुसताना चहा गेला, पुन्हा उकळावा लागला. बुधवारी दुपारी डॉक्टर बारीक ब्रश घेऊन एका गाठीभोवती वलयं काढण्यात असे रमले की आत खुर्चीवर एक बाई पाऊण तास तोंड उघडं ठेवून बसल्याचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. तिच्या नवऱ्याने येऊन जो आवाज चढवला, त्याने डॉक्टरांचा हात हलला आणि गाठीला शेपूट फुटलं. ते शेपूट डाव्या दारावर कायमचं राहिलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र तपासनीसांनी कोणाला सांगितली नाही. कडा घासताना त्यांना सासऱ्यांचा हात लागत होता. कुठे करवत घसरली होती, कुठे खिळा वाकला म्हणून शेजारी दुसरा मारला होता, कुठे फट भरायला काडेपेटीच्या काड्या बसवल्या होत्या. लाकडाचं काम कधी न केलेल्या माणसाने, गोदामातून सुटल्यावर रोज येऊन, एकट्याने हे उभं केलं होतं. तपासनीस त्या काड्यांवरून अलगद पॉलिशपेपर फिरवत. हळूच, निघू नयेत म्हणून.

गुरुवारी सांगाडा आत गेला, जोडला गेला, पाठ ठोकली गेली. शुक्रवारी सकाळी सासरे आले. वय एक्याऐंशी, हातात पिशवी, चेहरा दगडासारखा. पाणी घेतलं नाही, बसले नाहीत. सरळ बेडरूममध्ये गेले.

कपाट लखलखत होतं. पॉलिशखाली रेषा अशा वाहत होत्या की खुद्द सागवानाने मान खाली घालावी. सासरे बघत राहिले. दारावर हात फिरवला. शेपटाच्या गाठीपाशी बोट थांबलं. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"माझं कपाट कुठाय?" सासरे म्हणाले.

"हेच की, बाबा," बायको म्हणाली.

"हे नव्हे. हे सागवान आहे."

"तुमचंही सागवानच..."

"मला शिकवू नकोस!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "टाकून दिलंत ना? आणि नवं आणून उभं केलंत माझ्यासमोर? म्हाताऱ्याला काय कळतंय म्हणून?"

"बाबा, शपथ घेते, तेच आहे!"

"तेच नाही! कशावरून ते मी..." आणि सासरे थांबले. कशावरून ते सांगायचं तर सव्वीस वर्षांची गोष्ट सांगावी लागणार होती. ते पलंगाच्या कडेवर बसले. नजर खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात फिरत होती. रागाने नव्हे, हे तपासनीसांना कळलं. ज्या माणसाची वस्तू हरवते तो असं शोधतो.

तपासनीसांसमोर दोनच वाटा होत्या. गप्प बसलं तर म्हाताऱ्याचा मान राहत होता, पण कपाट जात होतं. दाखवलं तर कपाट परत मिळत होतं आणि मान जात होता. त्यांच्या आतला काटा एकदा इकडे गेला, एकदा तिकडे. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने हलकेच मान डोलावली.

तपासनीसांनी कपाटाला खांदा लावला आणि ते भिंतीपासून फिरवलं. काच. जपून उचला. खाली पेन्सिलची अक्षरं.

सासरे उठले. जवळ जाऊन त्यांनी आपलंच अक्षर वाचलं. एकोणिसाव्या दिवसापाशी बराच वेळ थांबले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी," तपासनीस म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "संशय पहिल्या दिवसापासून होता."

"आणि मला तुमचा," सासरे म्हणाले. "पोरीने नवरा केला तो नेमका तपासणीवाला. प्रत्येक वेळी इथे आलो की आधी तुमचा चेहरा बघायचो. ओळखलं का, ओळखलं का. जरा कुठे टवका उडालेला दिसला की त्यावर हात ठेवून उभा राहायचो. मग आणायचा रंग." ते थोडं हसले. "घ्यायची ऐपत नव्हती हो. आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं पोरीला?"

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तपासनीसांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी "आई गं!" एवढंच निघालं. कपाट फिरवताना मागच्या बिनरंगाच्या फळीचं लांबलचक कुसळ त्यांच्या अंगठ्यात शिरलं होतं.

"इकडे या," सासरे म्हणाले. "उजेडात. सुई आण गं."

बायकोने सुई आणली. सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, जावयाचा हात आपल्या मांडीवर उताणा ठेवला. नखांत चहाचा काळेपणा होता, बोटांना फोड आले होते, तळवा पॉलिशपेपरने सोलून निघाला होता. सासऱ्यांनी ते सगळं सावकाश, एकेक करून तपासलं.

"हलू नका," ते म्हणाले. "खोल गेलंय."

तपासनीस हलले नाहीत.